मापाची सीट

माणसाने कसं बसावं याबद्दल आपल्या ओळखीच्या लोकांची किती ठाम मतं असतात, हे मोटारसायकलची सीट बदलायला काढेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. राजकारणावर बोलताना लोक निदान आजूबाजूला कोण आहे ते बघतात. बसण्यावर बोलताना तेवढाही संकोच पाळत नाहीत.

सीट बदलायला निमित्त झाली माझी बायको. तिची थोरली बहीण समुद्राकाठच्या एका गावात राहते. मोटारसायकलने जायचं तर अख्खा दिवस जाईल इतकं ते लांब आहे. दर वेळी बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, आपली मोठी मोटार घेऊन येतो आणि हिला घेऊन जातो. मी मागाहून बसने जातो, कारण त्याच्या मोटारीत सबंध रस्ताभर त्याचं बोलणं ऐकावं लागतं आणि मध्येच उतरायची सोय नसते. या वेळी मी आपलं सहज विचारून बघितलं, "आपण दोघं मोटारसायकलवरून जाऊ या का?" ती नाही म्हणणार याची मला इतकी खात्री होती की त्यावरचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. पण ती इस्त्री करता करता म्हणाली, "येईन की. फक्त त्या फळीवर बसून नाही."

ती येईन म्हणाली. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आम्ही दोघं मिळून जे काही करतो त्याला प्रवास म्हणता येणार नाही; भाजी आणतो आणि पडदे धुवायला काढतो. तिला माझ्यामागे बसून लांब जावंसं वाटतंय याचा मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी गॅलरीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घातलं. ते तिने सकाळीच घातलेलं होतं.

आता तिने जिला फळी म्हटलं ती कंपनीने दिलेली मूळ सीट होती. पुढच्या माणसाला ती हळूहळू टाकीकडे घसरवते आणि मागच्याला हळूहळू पुढच्यावर. भाजी मंडईपर्यंत हे चालून जातं. समुद्रापर्यंत चालणार नाही, हे मलाही पटत होतं.

मी वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात आहे. लोकांच्या भिंतीवरून काढून आणलेली मीटरं दिवसभर माझ्या टेबलावर येतात आणि ती खरं बोलतात की खोटं, हे मी ठरवतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट मापात असावी यावर माझा विश्वास आहे. बाजारात तयार सीट मिळत होत्या, पण तयार म्हणजे कुणाच्या तरी मापाच्या. मी ठरवलं, सीट करायची तर आपल्या दोघांच्या मापाची, साच्यातून काढलेली. हे मी कार्यालयात बोललो, ही माझी पहिली चूक.

आमच्या विभागात एक सहकारी आहेत, त्यांना आम्ही घोडेस्वार म्हणतो. तरुणपणी कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी ते घोड्यावर बसले होते आणि मनाने अजून उतरलेले नाहीत.

"सीटवर बसायचंच नसतं," ते म्हणाले. "गुडघ्यांनी टाकी आवळायची आणि सगळं वजन मांड्यांवर घ्यायचं."

"मग सीट कशाला असते?"

"नवशिक्यांसाठी."

घरी आलो तर जिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क उभे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे नाकारायला काही उरलेलं नाही, म्हणून ते जिन्यात उभे राहतात.

"परवानगी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"वाहनाच्या मूळ रचनेत बदल करताय तुम्ही."

"अहो, सीट बदलतोय."

"आज सीट बदलताय," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी पोटातच ठेवलं. त्यांनी ते सांगून टाकलं असतं तर मला झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वाहन खात्याच्या कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीने मला दुसरीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीत एक गृहस्थ होते. ते ज्या खुर्चीवर बसले होते तिच्यावर दोन टॉवेल, त्यांवर रबराचं एक कडं आणि त्यावर एक घडी घातलेला स्वेटर होता. मी मोठ्या आशेने माझं काम सांगितलं.

"सीट बदलायची परवानगी मागायला अजून कुणी आलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे परवानगी लागत नाही?"

"असं मी म्हणालो नाही."

"मग लागते?"

"असंही म्हणालो नाही." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बनवून कुठे घेताय?"

मी पत्ता सांगितला. तो त्यांनी दोनदा विचारून घेतला. सरकारी कामात मला एवढी आस्था पूर्वी कधी दिसली नव्हती, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही.

हा पत्ता उस्तादांचा होता. उस्ताद ही त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली पदवी, दुकानाच्या पाटीवरही तीच आहे. दुकान भर रस्त्यावर, समोर बसथांबा. आत सोफ्यांचे सांगाडे, फोमचे ढिगारे आणि दुरुस्तीला आलेली दाताच्या डॉक्टरची खुर्ची. मी "सीट शिवून हवी आहे" म्हणताच उस्तादांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं.

"सीट शिवणारे पुढच्या गल्लीत आहेत," ते म्हणाले. "मी माणसाची बैठक घडवतो."

मी माफी मागितली. माफी मागून झाल्यावरच त्यांनी काम घेतलं.

त्यांची पद्धत अशी. मूळ सीटचं वरचं सगळं सोलून काढायचं. खाली उरलेल्या पत्र्यावर ओला, लगद्यासारखा मसाला थापायचा आणि त्यावर प्लास्टिक अंथरायचं. मग गिऱ्हाइकाने गाडी चालवतो तसं हँडल धरून त्यावर बसायचं, मसाला आळेपर्यंत. जसा माणूस बसेल तसा साचा उठतो आणि त्या साच्यावरून सीट तयार होते. "हलायचं नाही," उस्ताद म्हणाले, "आणि नेहमीसारखं बसायचं." गाडी त्यांनी दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभी केली होती, कारण आत दाताची खुर्ची होती.

मी बसलो. समोरच्या थांब्यावर बस येत नसल्यामुळे लोकांना दुसरं बघायला काही नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले. स्थिर उभ्या गाडीवर हँडल धरून, कुठेही न जाता, गंभीर चेहऱ्याने बसलेला मध्यमवयीन माणूस मीही बघितला असता. तेवढ्यात आमच्या साहेबांची बायको थांब्यावर येऊन उभी राहिली आणि तिने मला ओळखलं. मी मान हलवून नमस्कार केला, कारण हात सोडायला बंदी होती. मग मी पाठ ताठ केली, छाती पुढे काढली आणि पोट आत घेतलं. आपल्याकडे कुणी बघत असलं की माणूस एवढं करतोच. बराच वेळ बस आली नाही, त्यामुळे बराच वेळ मी तसाच होतो. उस्ताद म्हणाले, "वा, काय बैठक आहे," आणि मी पोट आणखी थोडं आत घेतलं.

मग माझ्याबरोबर आलेली बायको मागच्या जागेसाठी बसली. तिने समोर कोण आहे ते बघितलंसुद्धा नाही. फोन काढून बहिणीला लावला, अंग सैल सोडलं आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल मनापासून बोलू लागली. मसाला आळला तरी ती उतरेना. मला तिची जरा लाजच वाटली.

सीट तयार होऊन आली ती मात्र बघण्यासारखी होती. तपकिरी, दुहेरी शिलाईची, कडेला पांढरा गोट. हेडक्लार्कसुद्धा जिना सोडून खाली आले आणि तिच्यावर बोट दाबून म्हणाले, "जप्त झाली तर वाईट वाटेल." मी बसून बघितलं. पाठ ताठ, पोट आत. असं वाटलं की मला कुणीतरी तळहातावर घेतलंय.

पहिल्या फेरीला आम्ही दोघं निघालो आणि चौकात सिग्नलला थांबलो. मी सवयीने डावा पाय खाली टेकवायला काढला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, पण रस्ता काही लागेना. नवी सीट जुनीपेक्षा चांगलीच उंच झाली होती आणि ते माझ्या पायांना कुणी कळवलं नव्हतं. आम्ही डावीकडे कलू लागलो. ते पडणं इतकं सावकाश होतं की वाटेत मला आजूबाजूच्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघता आला. बायको शांतपणे बाजूला उतरली. "इथे उतरायचंय का?" तिने विचारलं, तोवर मी गाडीखाली होतो.

उस्तादांनी सीटची उंची कमी करायला साफ नकार दिला. बैठक कापता येत नाही म्हणाले. मग मी बूट दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन जाड तळ घालून घेतले. त्याने पाय रस्त्याला टेकू लागले, पण बुटाचं टोक गिअरच्या खाली जाईना. मेकॅनिककडून गिअरचा दांडा वर उचलून घेतला. आता साध्या चपलेने गिअर पडेना. त्यामुळे दूध आणायला जातानाही मी पायजम्यावर ते बूट घालू लागलो. कार्यालयात साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि "तब्येत सुधारलेली दिसते" म्हणाले. घोडेस्वार नुसतेच बुटांकडे बघत राहिले. ते काही बोलले असते तर मी सहन केलं असतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी साडूचा फोन आला.

"सीट घडवून घेतलीत म्हणे, साडूबुवा. छान केलंत. पोचलात की कळवा. नाही पोचलात तरी कळवा, मी गाडी घेऊन येतो."

आम्ही निघालो. शहर मागे पडेपर्यंत काय सांगू, मी राजा होतो. रस्त्यावर लोक होते, दुकानं होती, मी ताठ बसलो होतो आणि सीट मला बरोबर बसली होती. मग वस्ती संपली, दोन्ही बाजूंना नुसती शेतं आली, बघणारं कुणी उरलं नाही आणि माझं पोट आपोआप जागेवर आलं. पाठ वाकली. त्याबरोबर सीटमध्ये, जिथे काही असायला नको तिथे, एक उंचवटा वर आला. मी सरकलो तर दुसरा आला. ताठ बसलो की दोन्ही नाहीसे व्हायचे. पुन्हा सैल झालो की हजर. मीटर खोटं बोलत असलं तर मला पहिल्या नजरेत कळतं, पण इथे सीट खरं बोलत होती आणि ते कळायला मला तीन तालुके लागले. जो माणूस त्या साच्यावर बसला होता तो रोजच्या आयुष्यात अस्तित्वातच नव्हता. ती सीट साहेबांच्या बायकोला दिसलेल्या माणसाची होती.

चहाला थांबलो तेव्हा बाजूला जाऊन मी उस्तादांना फोन केला. सीट टोचते म्हणून सांगितलं.

"माझी बैठक टोचत नाही," ते म्हणाले. "माणूस टोचतो. वजन उतरवा." आणि फोन ठेवला.

परत आलो तर बायको चहा संपवून गाडीवर आधीच जाऊन बसली होती, पाय हलवत. "किती छान बसायला होतंय हो," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं एवढी मजा येईल." एवढं ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? सांगितलं असतं तर तिने लगेच बहिणीला फोन केला असता आणि संध्याकाळच्या आत साडूची मोटार आमच्यासमोर उभी राहिली असती. उरलेला सगळा रस्ता मी थोडा वेळ ताठ, थोडा वेळ वाकडा आणि थोडा वेळ घोडेस्वारांचं स्मरण करून मांड्यांवर, असा काढला.

साडू फाटकातच उभा होता. "या, बसा," म्हणाला. त्याच्या दिवाणखान्यात नवा सोफा होता, त्यावर फुलाफुलांच्या झालरवाल्या उशा, आणि जगात मला त्या क्षणी बसणं एवढं एकच नको होतं.

"उभाच बरा आहे," मी म्हणालो.

"अहो, दिवसभर बसून इतके ताजेतवाने आहेत ते," बायको म्हणाली, "आता जरा उभं राहू दे त्यांना."

मी भिंतीला टेकून चहा घेतला, खिडकीत उभं राहून जेवलो आणि समुद्र बघायला गेल्यावर सगळे वाळूत बसले तेव्हा क्षितिजाकडे बघत राहिलो. मेव्हणी म्हणाली, "भावजींना समुद्र फार आवडतो वाटतं." साडू मात्र माझ्याकडे मिश्कीलपणे बघत होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "मेव्हणीबाई, उद्या तुम्हाला मी सोडतो मोटारीने. साडूबुवांना एकट्याने कसं मोकळं जाता येईल. हवं तेव्हा थांबायचं, हवं तेव्हा उभं राहायचं."

ती नाही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "बघू."

त्या "बघू"ने मला सीटपेक्षा जास्त त्रास दिला. इतक्या खटाटोपाने जे मिळालं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत हातचं जात होतं, आणि ते ज्याच्यामुळे जात होतं ते माझंच पोट होतं.

सकाळी बॅग घेऊन खाली आलो तर बायको मोटारसायकलपाशी वाकून काहीतरी करत होती. माझ्या दुहेरी शिलाईच्या, पांढऱ्या गोटाच्या सीटवर तिने साडूच्या दिवाणखान्यातली झालरवाली उशी ठेवली होती आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने ती करकचून बांधत होती. उशीवर जांभळी फुलं होती. झालर दोन्ही बाजूंनी सीटखाली लोंबत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बसा म्हणजे कळेल."

"या उशीवर? सगळं गाव बघेल."

"गावाने बघितलं म्हणूनच तर हे झालं," ती म्हणाली. "उस्तादांकडे तुम्ही बसला नव्हतात. फोटो काढून घेत होतात. येताना मी मागेच होते ना? दर थोड्या वेळाने असे वर यायचात, जणू कुणी हार घालायला आलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते."

मग मी बोललो. रागावून बोलायचं ठरवलं होतं, पण तसं जमलं नाही. "सांगितलं असतं तर तू त्याच्या मोटारीत जाऊन बसली असतीस."

तिने दोरीची गाठ ओढून बघितली. "मोटारीतच बसायचं असतं तर येताना बसले असते," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसतेच आहे. कुणी दुसरं काही विचारलं होतं का मला?"

साडू एव्हाना मोटारीची किल्ली घेऊन बाहेर आला होता आणि उशी बघून त्याचा चेहरा उतरला होता.

"ती उशी सेटमधली आहे," तो म्हणाला.

"दिली मी तिला," मेव्हणी दारातून म्हणाली.

"सेट मोडेल ना."

तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेजारच्या गॅलऱ्यांतून दोनतीन माणसं बघत होती, एक बाई तर चहाचा कप घेऊन आली होती. मी त्या सगळ्यांसमोर गाडीवर चढलो, जांभळ्या फुलांवर बसलो आणि श्वास सोडला. पोट आलं तिथे येऊ दिलं. कुठेही काही टोचलं नाही; उशी दबली आणि जाड तळांची टोकं रस्त्यालाही टेकली. बायको मागे येऊन बसली आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर ती किती बोलली. बहिणीचं, मुलीचं, शाळेतलं, लग्नाआधीचं, मला कधीही न सांगितलेलं. मीही बोललो. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. चहाला थांबलो तिथे लोकांनी उशीकडे बघितलं, मी त्यांना फुलं नीट दिसावीत म्हणून बाजूला झालो.

संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर मात्र माझा धीर सुटला. गावचे लोक वेगळे, आपल्या इमारतीतले वेगळे. या वेळेला हेडक्लार्क फाटकात उभे असतात आणि गॅलऱ्या भरलेल्या असतात. मी गाडी कडेला घेतली.

"का थांबलात?" तिने विचारलं.

"उशी काढतो. घर आलंच आता."

"आलं का?" ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इतक्यात नको ना. जरा पुढून, तळ्याला वळसा घालून घ्या."

दिवसभर आम्ही गाडीवर होतो. माझे हात भरून आले होते आणि तोंडात धूळ होती. मी गिअर टाकला आणि सोसायटीच्या फाटकावरून, हेडक्लार्कांच्या समोरून, झालर उडवत सरळ पुढे गेलो.